डाव्या दाराचं माप

आमच्या गल्लीतल्या टेलरमास्तरांचं माप आयुष्यात एकदाच चुकलं, तेही स्वतःच्या बायकोचा अंदाज घेताना.

झालं असं, की दुकानासमोर उभी असलेली त्यांची निळी गाडी सकाळी सकाळी कुणीतरी ठोकून पळालं. डावं दार इतकं आत गेलं, की त्या खळग्यात बसून मी चहा प्यायलो. हे खोटं वाटत असेल तर पुढे वाचूच नका.

गाडी होती वहिनींच्या वडिलांची. वडील गेले, गाडी वहिनींच्या नावावर झाली. मास्तरांशी बोलायच्या त्याहून गोड त्या गाडीशी बोलायच्या.

मास्तर माझ्या कानाला लागले. "दादा, भानगड आहे. विमा संपलाय. फॉर्म आला होता, तो भरायचाच राहिला. आणि हिला मी भरला म्हणून सांगून बसलोय."

"मग तो फॉर्म कुठाय?"

"असेल दुकानात कुठेतरी. हिला कळलं तर भावाला बोलावून गाडीसकट थेट त्याच्याकडे जाईल. मला मागच्या सीटवरसुद्धा घेणार नाही!"

मी पडलो जाणता. स्वतःची साधी सायकलही नाही, म्हणून सल्ला द्यायला मोकळा. "घाबरता काय? तुमचा विमा नसेना का! उभ्या गाडीला ठोकलं म्हणजे दोष ठोकणाऱ्याचा, दार त्याच्या विम्यातून येणार. फोटो काढा, पोलिसांत नोंद करा आणि ठोकणाऱ्याला शोधा."

फोटो मी काढले, नोंदही मीच करून आलो. मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. खळग्याची लांबी, घेर, खोली सगळं घेतलं, दुकानात जाऊन कात्रीखाली सापडलेल्या जाड कागदावर खडूने आखलं आणि कापलं. झाला खळग्याचा नमुना तयार!

मग तोंडात टाचण्या धरून मास्तर गल्लोगल्ली फिरले. दिसेल त्या गाडीच्या बंपरला नमुना लावायचा, मागे सरून एक डोळा मिटायचा. दूधवाल्याची व्हॅन? "खांद्यात सैल." डॉक्टरांची गाडी? "कंबरेत घट्ट." एका ट्रकवाल्याने तर विचारलं, "मास्तर, शिवून कधी मिळणार?"

चौथ्या दिवशी नमुना चपखल बसला. गाडी होती ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या सरांची.

सर अजिबात रागावले नाहीत. त्यांनी वही उघडली. "मंगळवार सकाळ का? हां, निळी गाडी. त्या दिवशी आमचा धडा उलटं वळण्याचा होता. माझा विमा आहे हो, चला."

गाडी वहिनींच्या नावावर, म्हणून विम्याच्या ऑफिसात सहीला त्यांनाच न्यावं लागलं. साहेबांनी फोटो पाहिले, सरांचा जबाब घेतला, नमुना बंपरच्या फोटोशेजारी धरला आणि खूश झाले. "असा पुरावा नोकरीत पहिल्यांदा बघतोय. दार मंजूर!" शिक्का मारायला त्यांनी नमुना उलटला.

आणि थांबले. "अरेच्चा, हा तर विमा भरायचा फॉर्म. कोराच आहे की!"

वहिनींनी वाकून पाहिलं. वर छापलेलं त्यांचं नाव, खाली गाडीचा नंबर, कडेने बंपरच्या आकाराची कात्री फिरलेली.

"अहो, भरला होतात ना?"

मास्तरांच्या तोंडात टाचणी असती तर गिळली असती. साहेब घाईघाईने म्हणाले, "बाई, दार तरीही मिळेल. विमा नसल्याचा दंड तेवढा वेगळा भरा."

वहिनींनी मास्तरांच्या गळ्यातली टेप हळूच दोन्ही टोकांनी धरली. "गळा किती हो तुमचा?"

"साडेपंधरा," मास्तर सवयीने बोलून गेले.

"चौदा बसेल," वहिनी म्हणाल्या.

आठवड्यात दार आलं. वहिनी भावाकडे गेल्या नाहीत, गाडी शिकायला गेल्या, त्याच सरांकडे. आता गाडी त्याच चालवतात. मास्तरांना मागच्या सीटवर जागा मिळते, पण मांडीवर विम्याचे कागद धरून, आणि कात्री घरी ठेवून आलेत का, हे खिसे तपासून पाहिल्यावरच.