टेकडीची ओटी

शेजारची बेबीताई म्हणते, रत्नमालाच्या जिभेले हाड नाही. नसू दे! पण आमच्या कॉलनीमागची टेकडी हिरवी कशी झाली, ते मीच सांगणार.

भिलाईपासून थोडं दूर, चुनखडीच्या खदानीच्या कॉलनीत आमी राहत होतो. साल ब्याऐंशी-त्र्याऐंशी असेल. खदानीतून निघालेला मलबा टाकून टाकून एक टेकडीच उभी झाली होती. पावसात तिची माती वाहून खालच्या गावच्या तलावात जाय. मासे मेले, बायांले पिण्याचं पाणी राह्यलं नाही. आमचे हे, नरहरीराव, खदानीत झाडं लावायच्या कामावर अधिकारी. ह्यांनी गावात जाऊन शब्द देला, "ही माती मी थांबवतो."

शब्द देणं सोपं हो! दोन वर्सं नर्सरीतली बोटभर रोपं लावली, दोन्ही उन्हाळ्यांत करपली. मोठे साहेब म्हणाले, "यंदा आषाढात झाडं उभी दिसली नाहीत, तर तिथं पुन्हा मलबा टाकू." हे त्या दिवशी जेवलेच नाही. मले असा राग आला! म्हटलं, "रोपं लहान आहेत म्हणून मरून राहिली. मोठी करून लावू. द्या माझ्या हाती."

संक्रांतीच्या हळदीकुंकवाले दरवर्षी मी वाट्या नाहीतर गाळण्या लुटत होती. त्या वर्षी डालड्याच्या डब्यांत करंजाची रोपं लुटली. सगळ्यांले सांगितलं, भांडी विसळलेलं पाणी टाकत जा, आषाढापर्यंत मोठी करा. "अवं माय, वाण म्हणून झाड!" बाया खूप हसल्या. पण वाढवली मात्र लेकरांसारखी. उन्ह चढलं की डबा उचलून सावलीत ठेवत.

आषाढ लागला तशी मी हातगाडी घेऊन निघाली. पह्यले बेबीताईकडे. तर ती डब्यासमोर आडवी उभी! "वाण कोणी वापस मागते का? सवाष्णीले दिलेलं वाण! शोभते का तुले?"

अगं बाई! हे तर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरोघरी तेच. लतिका तर रडाले आली, वाण दिलं तर सासू घरात घेणार नाही म्हणे. हातगाडी रिकामीच वापस आली. तिकडे मलब्याचे डंपर टेकडीपाशी येऊन लागले होते. हे एवढंच म्हणाले, "गावाले आता कोणतं तोंड दाखवू?"

माझा नवरा असा खाली मान घालून बसला, ते मले पाहवलं नाही. चहा गॅसवर तसाच सोडून मी पुन्हा बेबीताईच्या दारात.

"मले नको देऊ," मी म्हटलं. "टेकडीले दे. आपली माहेरवाशीणच समज. इतकी वर्सं उघडी बसून आहे बिचारी. तिची ओटी भरू. ओटी भराले तर नाही म्हणत नाहीस ना?"

बेबीताईनं मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं. "अन् कुंकू कुठं लावायचं तिले?"

म्हणजे गड सर झाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलनीतल्या झाडून साऱ्या बाया पदर खोचून, डबे कडेवर घेऊन टेकडीवर चढल्या. उतारावर आडवे चर खणून, काळी माती भरून, गवताचं बी ह्यांनी आधीच पेरलं होतं. बेबीताईनं वरच्या दगडाले हळदकुंकू वाह्यलं अन् पह्यलं रोप खड्ड्यात ठेवलं. डंपरचे ड्रायव्हर खाली उतरून पाणी घालाले लागले. मोठे साहेब जीपमधून आले, कमरेएवढी करंजं पाहून बघतच राहिले. मग त्यांनीच डंपर वापस पाठवले.

श्रावणात झड लागली. उघडल्याबरोबर मी ह्यांले ओढतच तलावावर नेलं. पायऱ्या उतरून वाकून पाह्यलं. पाणी नितळ होतं. पायरीवरची बारकी खडीसुद्धा दिसत होती.

पाणी भरणाऱ्या एका बाईनं टेकडीकडे बोट केलं. "ओ रुख मन काकर ए, दीदी?" ती झाडं कोणाची म्हणून विचारत होती. हे म्हणणार होते, खदानीची. मी बोलूच दिलं नाही. छाती काढून म्हटलं, "आमची! आमा बायांची!"

ती हसली. तलावातून लोटा भरला अन् ह्यांच्यापुढं धरला. ह्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला अन् गटागट पिऊन टाकला.