कौसाबाईचा भिंतीवरचा फोटो

धानोऱ्यात कुंदनचा फोटो स्टुडिओ आहे आणि कुंदनचं एक सोवळं आहे: रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यानं टिपलेला कच्चा फोटो, दाबून लहान करायची नाही. कॅमेऱ्यात तशी सोय असते. डोळ्याला कळणार नाही अशी थोडी माहिती कॅमेरा टाकून देतो आणि फाइल निम्म्यावर येते. कुंदनला त्या सोयीचं नावही काढलेलं चालायचं नाही. "फेकी दिधं ते गयं," तो बायकोला, शीलाला, बजावायचा. शीला मान डोलवायची आणि भरलेल्या हार्ड डिस्क कपाटात कुठं कोंबायच्या ते बघायची.

होळी झाली आणि त्याच्या आईनं, कौसाबाईनं, फर्मान काढलं. आपल्या माघारी हार घालायचा तो फोटो आपण असतानाच, आपल्या पसंतीनं काढून ठेवायचा. "नहीतर तुम्ही आधारकार्डवरला लावशात." गावातल्या बऱ्याच म्हाताऱ्यांचे असे फोटो ट्रंकेत तयार होते, त्यामुळे कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुंदननं जीव ओतला. दिवे लावले, पडदा लावला, नवं लुगडं नेसवलं. आईनं एकेक फोटो पाहून बाजूला सारला. "हाई बाई कोन शे? रेशननी लाईनमा उभी शे का?"

मग तिनं कॅमेऱ्याच्या पडद्यावरच्या एका काळपट फोटोवर बोट ठेवलं. "हाऊ."

तो शीलानं काढलेला निघाला. कुंदन सकाळी उन्हात वाळणाऱ्या मिरचीचे फोटो घेऊन आला होता. उन्हाचं सेटिंग तसंच ठेवून त्यानं कॅमेरा स्वयंपाकघरात टेकवला. शीलानं तो उचलला, कार्ड भरत आलंय म्हणून गुपचूप फाइल दाबायची सोय चालू केली, आणि अंधारात भाकरी थापणाऱ्या सासूवर रोखला. कौसाबाई उरलेसुरले दात दाखवत खदखदून हसत होती.

कुंदननं कपाळाला हात लावला. आधीच दाबलेली फाइल, त्यात अंधार, आणि भिंतीएवढा मोठा करायचा. अंधार उजळायला गेलं की टाकून दिलेल्या माहितीची उणीव नेमकी तिथंच उघडी पडते. दुसरा काढू, तो म्हणाला.

"हाऊच. नही जमनं तर भीत कोरी ठेव."

आई बोलली की बोलली. भिंत खरोखरच कोरी राहिली असती. तो कॉम्प्युटरपुढं बसला, फोटो जपून जपून उजळत नेला. लुगड्याच्या घड्यांत ठिपक्यांसारखे दाणे उठले, पदराखाली हिरवट झाक आली. चेहऱ्याला मात्र धक्का लागला नाही. नंदुरबारहून प्रिंट आला तेव्हा त्यानं तो आधी नाकाला लावून पाहिला, मग लांबून. लांबून त्यालाही दाणे दिसेनात.

संध्याकाळी त्यानं आईचे आपण काढलेले जुने फोटो उघडले. एक कणही न गमावलेले. सगळ्यांत आई ताठ बसलेली. त्याला शीलाचा सरळसरळ हेवा वाटला. तो चुलीपाशी जाऊन बसला.

"माय, तिन्हापाशी हसनी. मन्हापाशी काबर हसत नही?"

कौसाबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"तू म्हनस, हालू नको. मंग मी हालत नही."