नवऱ्यापेक्षा तीन इंच उंच

मार्च महिन्यातल्या एका सकाळी, नागपुरात मानेवाड्याच्या भोयरांच्या स्वयंपाकघरात दीप्तीच्या हातून वरणाचं भांडं निसटलं. भांडं काही जड नव्हतं. उजव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या, पकड सुटली आणि गरम वरण ओट्यावरून फरशीवर सांडलं. पायावर पडलं नाही एवढंच.

तिचे यजमान धर्मेंद्रराव बाहेरच्या खोलीत चहा पीत होते. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, "काय पडलं?"

"वरण. हाताले परत मुंग्या आल्या. मानेपासून कळ येऊन राहिली."

"वय झालं आता. सत्तेचाळीस म्हणजे काही कमी नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "डब्यात काय देशील मग?"

मंडळी, या 'वय झालं'पाशी जरा थांबू. याच धर्मेंद्ररावांचा गुडघा गेल्या दिवाळीत जिना चढताना एकदा करकरला होता. ते दीप्तीपेक्षा चार वर्षांनी मोठे, पण तेव्हा वयाचं नाव कोणी काढलं नाही. दोन डॉक्टर झाले, एमआरआय झाला, आठवडाभर घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. पुरुषाला आजार होतो आणि बाईचं वय होतं, असं हे आपल्या घरांतलं वैद्यकशास्त्र. ते शिकायला कुठल्या कॉलेजात जावं लागत नाही.

दीप्तीचं दुखणं वयानं आलेलं नव्हतं. ते तिच्या उंचीमुळे आलं होतं. खरं म्हणजे त्या उंचीची ज्यांना लाज वाटली, त्यांच्यामुळे. ती पाच फूट सात इंच, धर्मेंद्रराव पाच फूट चार. माहेरी सावनेरला तिला पाहायला आलेल्या भोयर मंडळींनी शिक्षण, रंग, स्वयंपाक सगळं पसंत केलं आणि उंचीपाशी येऊन अडली. शेवटी कौसल्याबाईंनी, म्हणजे होणाऱ्या सासूबाईंनी, तोडगा काढला. "पोरगी चांगली आहे. जरा वाकून चालंल, तर काय बिघडते?" तोडगा सगळ्यांना पटला. जिला वाकायचं होतं, तिला विचारायचं तेवढं राहून गेलं.

तेव्हापासून तेवीस वर्षं दीप्ती वाकत आली. नवऱ्याशेजारून चालताना खांदे पुढे, मान खाली. चारचौघांत उभं राहायचं तर एक गुडघा मोडून. घर बांधलं तेव्हा ओटा कौसल्याबाईंच्या मापानं झाला, आणि त्या होत्या ठेंगण्या. त्या गेल्या, ओटा राहिला. शाळेच्या ऑफिसात दीप्ती कारकून होती. तिथेही दिवसभर रजिस्टरावर मान घालून बसायचं. आणि या सगळ्याचं कौतुक तरी किती! "एवढी शिकलेली, एवढी उंच, पण किती नम्र बाई," असं नातेवाईक म्हणत. एका बाईची पाठ डोळ्यांदेखत नासत होती, आणि ही माणसं त्याला संस्कार म्हणत होती. वर स्वतःला सज्जनही समजत होती.

वरण सांडलं त्याच संध्याकाळी कॉलेजात शिकणाऱ्या मिनलनं आईला सक्करदऱ्याच्या शोभाताईंकडे नेलं. शोभाताई साठी उलटलेल्या, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या फिजिओथेरपिस्ट. धर्मेंद्ररावही आले, कारण घरातली कार तेच चालवत.

शोभाताईंनी हात, मान, पाठ तपासली. मग दीप्तीला भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि डोकं टेकवायला सांगितलं. डोकं टेकेना. भिंत आणि डोकं यांच्यामध्ये चार बोटं सहज जात होती.

"किती वर्षं अशा वाकून उभ्या राहता?" शोभाताईंनी विचारलं.

धर्मेंद्ररावांनीच उत्तर दिलं, "तिची सवयच आहे मॅडम. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून नाही," दीप्ती म्हणाली. "लग्नापासून."

शोभाताईंनी दोघांकडे एकदा पाहिलं. त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही. "भाऊ, तुम्ही इकडे या. खांदे पुढे घ्या. मान खाली. एक गुडघा थोडा मोडा. तीन इंच कमी व्हा. यांची फाईल लिहून होईपर्यंत तसेच राहा."

धर्मेंद्रराव हसले. पण मुलगी पाहत होती, म्हणून उभे राहिले. तिसऱ्या मिनिटाला त्यांनी पाय बदलला. पाचव्या मिनिटाला हात आपोआप मानेवर गेला. सातव्याला म्हणाले, "मॅडम, मान भरून आली."

"बसा. तुमची सात मिनिटं झाली. यांची तेवीस वर्षं झाली."

शोभाताईंनी पेन ठेवलं. "चाळिशीनंतर, पाळी जायच्या सुमारास, बाईची हाडं आणि स्नायू भराभर झिजायला लागतात. तेव्हाच तिनं ताठ चालावं, थोडं वजन उचलावं, स्वतःसाठी रोज अर्धा तास काढावा. नेमकं तेव्हाच आपण तिला बुटक्या ओट्यापुढे उभी करतो आणि दुखलं तर बाम देतो. यांच्या मानेतली नस दबून राहिली आहे. व्यायामानं बराच फरक पडेल. सगळं मात्र परत येणार नाही."

"काहून नाही येणार?" धर्मेंद्ररावांनी विचारलं.

"कारण तुम्ही उशीर केला."

एवढ्यानं धर्मेंद्रराव शहाणे झाले असं मी सांगणार नाही. चार दिवस ते "ती बाई फारच तोंडाळ आहे" असं म्हणत राहिले. पण दीप्तीला उजव्या हातानं काम करायची मनाई होती. मिनलची परीक्षा होती. पोळ्या त्यांच्या अंगावर आल्या. ओटा त्यांना जवळजवळ बरोबर बसत होता, तरी चौथ्या दिवशी त्यांनी कंबर धरली. मग बायकोला हा ओटा किती बुटका पडत असेल, हा हिशेब त्यांना पहिल्यांदा करावासा वाटला. पाचव्या दिवशी गवंडी आला आणि ओटा चार इंच उंच झाला.

दीप्ती रोज दोनदा भिंतीला पाठ लावून उभी राहू लागली. सकाळी चालायला जाऊ लागली, रबरी पट्टा ओढू लागली. शाळेत रजिस्टराखाली तिनं लाकडी स्टँड ठेवला. तिसऱ्या महिन्यात मुंग्या कमी झाल्या. पाठीचा बाक पुरता गेला नाही.

जूनमध्ये उमरेडला भाच्याचं लग्न होतं. सगळी भोयर मंडळी फोटोसाठी स्टेजवर चढली. धर्मेंद्ररावांच्या सुभद्राआत्यांनी मागून आवाज दिला, "दीप्ती, जरा दब वं. धर्मेंद्र बुटका दिसून राहिला."

दोघेचौघे हसले. आणि दीप्तीचा गुडघा, इतके महिने व्यायाम करूनही, आपला आपणच मोडला.

धर्मेंद्ररावांनी तिचा हात धरला. "आत्या, मी बुटका दिसून नाही राहिलो. मी आहोच बुटका. तू सरळ उभी राहा."

हसणं थांबलं. फोटो निघाला.

दीप्तीला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. तिला आधी राग आला. मंडपाबाहेर येऊन ती म्हणाली, "एवढं एक वाक्य होतं. ते बोलायले तेवीस वर्षं लागली तुम्हाले."

धर्मेंद्रराव म्हणाले, "चुकलं माझं." ती "हो" म्हणाली आणि जेवायला गेली, ताठ, आणि त्यांच्या दोन पावलं पुढे.

मंडळी, ही गोष्ट फक्त भोयरांची नाही. कुणी उंचीसाठी वाकतं, कुणी आवाजासाठी, कुणी पगारासाठी. पुरुषाला मोठं दिसायचं म्हणून बाईनं लहान व्हायचं, ही रीत इतकी केविलवाणी आहे की ती पाळणाऱ्याची खरं तर कीव करायला हवी. पण तिची किंमत बाईच्या मणक्यांतून वसूल होते, म्हणून कीव करून भागत नाही. स्वतःच्या कमीपणाची लाज स्वतः सांभाळा, ती दुसऱ्याच्या पाठीवर लादू नका. आणि बायांनो, तुम्हाला कोणी सरळ उभं राहायला सांगेल याची वाट पाहू नका. तेवढा वेळ तुमच्या पाठीकडे नाही.