जिनतच्या वहीची मागची पानं

मी जिनतची वही बोलतेय. दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याची, आणि आधीच सांगून टाकते, मुळातच भित्री. बीडच्या एका दुकानात सहा महिने गठ्ठ्यात दबून होते, तेव्हाही गिऱ्हाइकाने हात लावला की मी शेजारच्या वहीला चिकटून बसायचे. पण मी जी भीती सांगणार आहे ती माझी एकटीची नाही. जिनतची भीती माझ्यात उतरली आणि मग आम्ही दोघी मिळून तीन महिने घाबरत राहिलो.

जिनत कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. तिचे अब्बा, इलियासभाई, यांचं पालीच्या रस्त्याला मोटारसायकली दुरुस्त करायचं गॅरेज. तिने सुंदरराव सरांच्या क्लासात लिनक्सची कमांड लाइन शिकायचं ठरवलं, तेव्हा तिची अम्मी फरीदा सरळ बोलली, "तीन महिने जा. पास झालीस तर पुढचं शीक. न्हाई झालीस तर कम्प्युटरचं नाव काढायचं न्हाई, सांगून ठेवते."

जिनतने मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी मला विकत आणलं. पहिल्या पानावर लाल शाईने नाव घातलं, पट्टीने रेघ मारली. काय ते अक्षर! मी तर फुगूनच गेले.

पहिल्याच दिवशी क्लासात घात झाला. पडद्यावर ना चित्र, ना बटण. नुसता काळा पडदा आणि लुकलुकणारी एक रेघ. इथे हुकूम टाइप करायचा आणि एंटर दाबायचं, मशीन उलटून विचारत बसत नाही, असं सर सांगत होते. त्यांचं बोलणं संपायच्या आत पुढच्या रांगेतल्या बंकटने उत्साहाच्या भरात पुसायचा हुकूम दिला आणि त्याचा अख्खा फोल्डर गायब झाला.

"आरं बंकट, हितं गेलेलं परत येत न्हाई बाबा!" सर ओरडले.

बंकट हसला. जिनतच्या मात्र तोंडचं पाणी पळालं. त्या दिवसापासून एंटरच्या बटणावर बोट न्यायचं म्हटलं की तिचा हात आखडायचा. शेजारी बसणारी सायली, रोज नेकनूरहून एसटीने येणारी तिची मैत्रीण, विचारायची, "कावून थांबलीस गं? दाब की!" जिनत म्हणायची, "आधी लिहून घेते."

आणि ती लिहायची. एकेक हुकूम दहा-दहा वेळा. पीडब्ल्यूडी म्हणजे रस्ते बांधणारं खातं नव्हे, 'मी आत्ता कुठे आहे' हे मशीनला विचारणं. एलएस म्हणजे 'इथे काय काय आहे' हे विचारणं. सगळं निळ्या शाईत, मथळे लाल शाईत. रात्री जेवणं झाली की डोळे मिटून पाढ्यांसारखं घोकायची. माझ्यावर काही पुसलं जात नाही, काही मोडत नाही, म्हणून ती माझ्यात लपून बसली होती. मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, आपण फार मोठं काम करतोय.

दीड महिन्याने सराव परीक्षा झाली. एका फोल्डरमधल्या फायली दुसरीकडे हलवायच्या, एवढंच. जिनतने पाठ केलेला हुकूम बिनचूक टाइप केला. मशीनने उत्तर दिलं की अशी फाइल इथे नाही. तिने तोच हुकूम पुन्हा दिला. पुन्हा तेच उत्तर. पुन्हा दिला. सायली सांगत होती, सात वेळा दिला म्हणे, आणि मग वेळ संपेपर्यंत मांडीवर हात ठेवून बसून राहिली. वीसपैकी चार मार्क.

त्या दिवशी ती घरी न जाता गॅरेजवर गेली. मला कवटाळून ऑइलच्या डब्यांशेजारी बसली आणि रडली. तिचं रडणं माझ्या पुठ्ठ्यातून आत येत होतं. इतकी पाठ केलेली मी, आणि ऐन वेळी काडीच्या कामाला आले नाही! लाजेने मेल्यासारखं झालं मला.

इलियासभाई एका गाडीचं कार्बोरेटर खोलत होते. त्यांनी हात पुसले नाहीत, तसेच बोलले. "मशीन काय म्हनालं?"

"एरर आला."

"आला ते ठीक हाय बेटा. म्हनालं काय?"

सातही वेळा जिनतने ते वाचलंच नव्हतं. तांबडं काही दिसलं की माणूस नजर फिरवतो, तशी तिने फिरवली होती.

"गाडी आवाज करती, तवा आमी आधी कान लावतो," अब्बा म्हणाले. "तू तर कानावर हात ठेवून पाना फिरवतीस." मग त्यांनी खालचं फडकं दाखवलं. खोललेला प्रत्येक स्क्रू त्यावर काढला त्याच क्रमाने मांडून ठेवला होता. "खोलल्याबिगर काय बी येत न्हाई. पन फडकं आंथरून खोलायचं. आन मी शिकलो ते गिऱ्हाइकाच्या गाडीवर न्हाई, भंगारातल्या इंजिनवर. तुज्याकडं हाय का भंगार?"

नव्हतं. दुसऱ्या दिवशी क्लासात तिने पहिलं काम केलं ते हेच. भंगार नावाचा फोल्डर केला, त्यात वीस रिकाम्या फायली टाकल्या आणि भीत भीत एक पुसून टाकली. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. मग दुसरी पुसली. मग चुकून सगळ्याच पुसल्या, आणि सायलीसमोर खो-खो हसली.

त्या दिवसापासून माझी पानं मागून भरू लागली. मला काय करायचं होतं, मी काय टाइप केलं, मशीन काय म्हणालं, का म्हणालं. पहिलीच नोंद सराव परीक्षेची: हुकूम बरोबर होता, मीच भलत्या फोल्डरमध्ये उभी होते. खाडाखोड, बाण, घाईचं वाकडं अक्षर, कोपऱ्यात ग्रीसचा डाग. रोज क्लास सुटल्यावर तिथल्याच मशीनवर अर्धा तास. आधी मला मिटून ठेवायची, आठवेल तसं करून बघायची, अडली तरच उघडायची. मला वाटायचं, ही आता मला विसरणार. खरंच सांगते, त्या मिटलेल्या अर्ध्या तासात माझा जीव टांगणीला लागायचा.

परीक्षेच्या दिवशी वह्या बाहेर ठेवायच्या होत्या. मी पिशवीत, पिशवी बाकावर. आतून नुसता बटणांचा आवाज येत होता. अर्धा पेपर झाला असेल नसेल, आणि तो आवाज एकदम थांबला. लाइट गेली होती. क्लासातली सगळी मशीनं एका दमात बंद. कुणीतरी "मेलो!" म्हणालं. मी पिशवीत गारठले. अम्मीचे शब्द मला तोंडपाठ होते.

लाइट आली, सरांनी पंधरा मिनिटं वाढवून दिली, पुन्हा बटणं वाजू लागली. पुढचं मला कळलं ते जिनत बाहेर आल्यावर. बाकावर बसून तिने मला मांडीवर घेतलं आणि लिहिलं:

"लाइट गेली. लई घाबरले. आधी विचारलं, मी कुठे आहे. मग विचारलं, इथे काय काय उरलंय. दोन फायली जिवंत होत्या. तिसरीपासून सुरू केलं."

ज्यांनी क्रम पाठ केला होता त्यांनी पहिल्यापासून, म्हणजे फोल्डर तयार करण्यापासून, सुरुवात केली. मशीन म्हणालं, हा फोल्डर आधीच आहे. ते पुन्हा पहिल्यापासून करत राहिले. जिनतला वीसपैकी सतरा मार्क मिळाले. फरीदाने शाबासकी वगैरे दिली नाही, दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता तिनेच विचारलं, "पुढचा क्लास कधी सुरू व्हतो गं?"

इथे माझी गोष्ट संपली असती तर किती बरं झालं असतं.

आज सकाळी नव्या बॅचच्या सत्यमने जिनतकडे मला मागितलं. "ताई, तुमच्या नोट्स लई भारी हायत म्हनं." तिने दिलं आणि बजावलं, "मागून वाच." त्याने हो हो केलं. आता मी झेरॉक्सच्या दुकानात काचेवर पालथी पडले आहे आणि सत्यम दुकानदाराला सांगतोय, "मागची नका काढू काका, नुसती खाडाखोड हाय. पुढची काढा. अकरा सेट. समद्यांना पाठ करायचंय."

उजेड माझ्या अंगावरून फिरतो, पान उलटतं, पुन्हा उजेड. माझं ते सुंदर अक्षर गरमागरम कागदांवर उतरून बाहेर पडतंय आणि माझी पाचावर धारण बसली आहे. अकरा पोरं त्या अक्षरात लपतील. अकरा जण मशीनचं बोलणं न वाचता तोच हुकूम सात-सात वेळा देतील. त्यांच्याही घरी कुणी ना कुणी काहीतरी सांगून ठेवलं असेलच ना!

सत्यम, अरे बाबा, मला ओरडता येत नाही. माझी पाठ मोडली तरी चालेल, पण दुकानातून निघताना मी तुझ्या हातून पडावं, आणि पडताना मागच्या बाजूने उघडावं.