लांडगिणीच्या दारी मेंढरं

फाल्गुनातली दुपार कलली होती, आणि तो अफाट तृणमाळ सूर्याला सामोरा पसरला होता. गवतातला पवन्या वाळला होता, मारवेल वाळला होता, कुसळीच्या टोकदार तुऱ्यांवर ऊन चरत होते. रंग एकच, पण त्या एका रंगात किती छटा! कुठे मधाची, कुठे हळदीची, कुठे जुन्या पितळेची. वारा आला की साऱ्या छटा एकमेकींत मिसळत आणि माळ क्षितिजापर्यंत झुलत राही.

त्या पिवळ्या विस्तारातून मेंढरांचा काळापांढरा कळप संथ सरकत होता. पुढे धुळाप्पा धनगर, हातात काठी, पायाशी कुत्रा. मागे त्याची बायको ठकाबाई, खांद्यावर घोंगडे, कमरेला दिवसभराच्या पाण्याची कातडी पिशवी. दोघेही उन्हाने रापलेली, दोघेही मितभाषी, दोघेही या माळाची.

माळाच्या मधून एक कोरडा ओढा गेला होता, रुंद, वाळूने भरलेला. त्याच्या अलीकडच्या दरडीत, हिवराच्या मुळांखाली, गवताकडे तोंड असलेले एक बीळ होते, आणि त्या मृण्मय अंधारात लांडगिणीची तीन पिल्ले होती. धुळीच्या रंगाची, दुधाच्या वासाची, नुकते डोळे उघडलेली.

या माळावर लांडगे आता उरलेच होते किती? पूर्वी त्यांच्या आरोळ्यांनी टेकड्या टेकड्यांशी बोलत. आता ही एक मादी. तिचा नर गेल्या महिन्यात सडकेवर मोटारीखाली गेला होता. ती एकटीच शिकार करी, एकटीच पिल्लांना पाजी, एकटीच चांदण्याला हाक घाली.

ते बीळ ठकाबाईला ठाऊक होते. धुळाप्पालाही ठाऊक होते, आणि त्याच्या मनातली जखम ओली होती. पंधरवड्यापूर्वी याच लांडगिणीने त्याची गाभण मेंढी फाडली होती.

पश्चिमेला आधी धूर दिसला. करडा, मग तपकिरी, मग काळा. मग आवाज आला. हजार कोरड्या काटक्या एकाच वेळी मोडाव्यात तसा. चंडोल गवतातून उसळले. ससे उधळले. एक खोकड मेंढरांच्या पायांतून वाट काढत पळाले आणि त्याच्याकडे कुत्र्यानेही पाहिले नाही.

वणवा आला होता. कुणाच्या विडीने, कुणी पेटवलेल्या बांधाने, कोण जाणे! वारा त्याला पाठीवर घेऊन येत होता.

"वढ्यात घाल मेंढरं!" धुळाप्पा ओरडला. "वाळूत आग येत न्हाई!"

तेवढ्यात ठकाबाईला लांडगीण दिसली. मानेला धरलेले एक पिल्लू तोंडात घेऊन ती वाळू ओलांडून गेली, पलीकडचा गवताळ काठ चढली आणि नांगरटीच्या बांधावरल्या दगडांत तिने ते ठेवले. ती मागे वळली. पण वाऱ्यावर उडालेली एक ठिणगी तिच्याआधी त्या काठावर पोचली होती. काठ भडकला. आई पलीकडे, बीळ अलीकडे, आणि मध्ये ज्वाळांची भिंत.

ती डावीकडे धावली, उजवीकडे धावली. ज्वाळांत शिरली, होरपळून मागे फिरली, पुन्हा शिरली. नुसते धावणे, नुसते धावणे.

ठकाबाई थांबली.

"अवं, कळप दरडीवर आणा. बिळाच्या म्होरं."

धुळाप्पाला वाटले, आपण नीट ऐकले नाही. "लांडग्याच्या बिळाम्होरं? खुळी झालीस काय, ठके?"

"मेंढरं गवात तुडवतील. पट्टा पडंल. पट्ट्याच्या कडंला आपुनच आग लावायची, तिकडनं येणाऱ्या आगीच्या तोंडाला. दोनी आगी एकमेकीस्नी खातील."

"जळू दे की! गाभण मेंढी खाल्ली तिनं माजी!"

"भुकंनं खाल्ली." ठकाबाईचा आवाज चढला नाही, ढळलाही नाही. "ही आग भुकंनं येत न्हाई. तिला पोटच न्हाई. तुमी येताय का मी एकलीच जाऊ?"

उत्तराची वाट न पाहता ती निघाली.

धुळाप्पाने एकदा धुराकडे पाहिले, एकदा तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे. मग कळपातल्या म्होरक्या मेंढ्याचे शिंग त्याने मुठीत धरले आणि ओढ घेतली.

मेंढा अडला. लांडग्याचा उग्र गंध त्याच्या नाकपुड्यांत शिरला होता. युगायुगांचे भय त्याच्या खुरांत उतरले होते. धुळाप्पाने टाच रोवली, दात आवळले, पुन्हा ओढले. एक पाऊल पडले. दुसरे पडले. आणि एक गेला की सारे जातात, या मेंढरांच्या आदिम धर्माने अख्खा कळप हलला. भेदरलेला, बें-बें करणारा, एकमेकांच्या पाठीत तोंडे खुपसणारा कळप आपल्या वैरिणीच्या दारापुढून गेला. गेला आणि वळवला, वळवला आणि पुन्हा नेला. खुरांखाली कुसळी मोडली, पवन्या मोडला, गवत जमिनीशी लोळले, मातीत मळले.

ठकाबाईने पिशवीचे तोंड सोडले आणि तापलेल्या दिवसाचे सगळे पाणी घोंगड्यावर ओतले. घोट राखला नाही. ते ओले, जड, काळे घोंगडे तिने बिळाच्या तोंडावर अंथरले, कडांवर दगड ठेवले. धूर आत जाऊ नये म्हणून.

"आता घाला वाळूत!" ती ओरडली. कळप दरडीवरून ओढ्यात कोसळला.

दरडीवरच्या तरवडाची मोडून घेतलेली हिरवी डहाळी दोघांच्या हातांत. धुळाप्पाने काडी ओढली, तुडवलेल्या पट्ट्याच्या पलीकडच्या कडेला टेकवली. नवी आग उभी राहिली, क्षणभर दोघांकडे झुकली. त्यांनी तिला झोडपले, झोडपले, मागे रेटले. पापण्या करपल्या. घशात राख. ठकाबाईच्या पदराची कड पेटली. धुळाप्पाने ती तळहाताने चुरगळली आणि पुन्हा डहाळी उचलली. डहाळी उठत होती, पडत होती. उठत होती, पडत होती.

मग दोन्ही आगी भेटल्या. एक रक्तवर्ण कमान आकाशात चढली, थरथरली आणि खाली बसली. खायला पुढे काही उरले नव्हते.

माळ काळा झाला. शांतता इतकी की राखेचे तडकणे ऐकू येत होते.

ठकाबाई गुडघ्यांवर बसली, घोंगडे बाजूला केले, कान बिळाशी नेला. बराच वेळ काहीच नाही. मग खोलातून एक कुईकुई आली. मग तिला चिकटून दुसरी.

"हायती," ती म्हणाली. "दोनी हायती."

धुळाप्पा वाकला. त्याचा भाजलेला हात बिळाकडे गेला.

"हात लावू नगा. मानसाचा वास लागंल. तिला येऊ द्या."

दोघे उठले आणि ओढ्याच्या वळणापर्यंत, कळपापाशी, दूर गेले. पलीकडचा काठ जळून विझला होता. त्या कृष्णभस्म काठावर लांडगीण उभी होती, एका कुशीची लव करपलेली. तिने मेंढरे पाहिली. माणसे पाहिली. कुत्रा गुरगुरला तशी धुळाप्पाने त्याची मान धरली आणि आपल्या मांडीशी घट्ट दाबून ठेवली.

"जा की गं," तो पुटपुटला. "जा. कुनी काय करीत न्हाई."

ती आली. गरम राखेवरून एकेक पाऊल उचलत, चटका बसला की थबकत, पुन्हा उचलत. बिळात शिरली. एक पिल्लू घेऊन गेली. पुन्हा आली. शेवटचे पिल्लू दातांत अलगद झुलत होते आणि उतरते ऊन त्याच्या इवल्या पोटावर पडले होते. वाळू ओलांडून, काळा काठ चढून, नांगरलेल्या तांबड्या ढेकळांतून ती चालत गेली. चालत गेली, लहान होत गेली, आणि बांधावरल्या दगडांत हळूच मावळली.