मागच्या सीटवर

थांबायची काही सोय सापडते का, म्हणून तिने सायकलवरच्या वस्तू पुन्हा एकदा मोजल्या. दोन सीट, दोन हँडल, चार पेडल, पाण्याच्या तीन बाटल्या, त्यांतली एक गोठलेली. ब्रेकचे खटके दोन, आणि दोन्ही पुढच्या हँडलवर, सासऱ्यांच्या हाताखाली. तिचं हँडल नुसतं धरायला होतं. ते वळतच नव्हतं. पेडलही साखळीने एकमेकांना बांधलेले. सासऱ्यांनी पाय मारले की तिचेही पाय फिरत, तिच्या मनात असो वा नसो.

दोनशे किलोमीटरच्या या राइडला सासरे आणि सासूबाई दर हिवाळ्यात याच जोडसायकलवरून जात. सासूबाईंना जाऊन आता आठ महिने झाले होते. "या वर्षी मागे कोण?" असं सासऱ्यांनी जेवताना विचारलं, तेव्हा नवऱ्याने आपल्या दुखऱ्या गुडघ्याकडे पाहिलं, नणंदेने फोनकडे, आणि मग सगळ्यांनी तिच्याकडे. ती रोज प्रयोगशाळेत सायकलनेच जायची. सुटका नव्हती.

"सूनबाई, तोंडाला कुलूप लावलंस की काय?"

"दातखीळ बसलीय, बाबा. थंडी काय कमी आहे?"

"मागच्या सीटवरच्याने बोलत राहायचं असतं. तुझ्या सासूचे पाय थकायचे, पण तोंड नाही."

घरातला हा जुना विनोद. ती हसली आणि बोलू लागली. डावीकडे वळण. पुढे दोन सायकलवाले. आता पूल येतोय. बोलायला दुसरं होतं तरी काय?

"आज धुकं फार आहे," सासरे म्हणाले.

तिने मान वाकडी करून त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. ऊन स्वच्छ पडलं होतं. दूरच्या टेकडीवर मनोरा होता, त्याच्या तारासुद्धा वेगवेगळ्या दिसत होत्या. चष्म्यावर वाफ धरली असेल, असं तिला वाटलं. पण बाजूने बघितलं तर काच लख्ख होती.

"बाबा, त्या पुढच्या पाटीवर काय लिहिलंय हो?"

"जवळ तर येऊ दे."

पाटी जवळ आली, बाजूने सरकली, मागे पडली.

"चेकपॉइंटची असेल," सासरे म्हणाले.

पाटीवर एका शाळेचं नाव होतं, वीतभर अक्षरांत.

तिने तोंड मिटून घेतलं. एकदा खात्री करायची होती. उतार लागला होता. खाली, रस्त्याच्या डाव्या कडेला, दुधाची गाडी उभी होती. मागचं फळकूट आडवं उघडलेलं. आता दिसेल, तिला वाटलं. आता दिसेल. सायकल वेग घेत होती आणि समोरची पिवळ्या जॅकेटातली पाठ निवांत होती.

"उजवीकडे!"

सायकल त्याच क्षणी उजवीकडे झाली. फळकूट तिच्या बाहीला घासून गेलं. काय होतं, कुठे होतं, सासऱ्यांनी काही विचारलं नाही. वर्षानुवर्षं त्या हाकेवर वळत आल्यासारखे ते वळले होते. सासूबाईंची बडबड तिला पहिल्यांदाच नीट ऐकू आली.

तिथून चेकपॉइंटपर्यंत ती क्षणभरही गप्प बसली नाही. जीव मुठीत धरून, घसा बसेपर्यंत बोलत राहिली.

"काका, काकू कुठायत?" शिक्का मारणाऱ्याने विचारलं. "आधी त्यांचा आवाज यायचा, मग तुमची सायकल!"

"यंदा सूनबाई आहे," सासरे म्हणाले. "शिकेल हळूहळू."

दोघं बाकावर बसले. हातातल्या पेल्यांतून वाफ येत होती. घरी सांगितलं तर सायकल अडगळीत जाईल, आणि हे खिडकीपाशी बसून राहतील. नाही सांगितलं तर उरलेले शंभर किलोमीटर आहेतच, आणि पुढचा हिवाळाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"घरात कुणाला माहीत आहे?" तिने हळूच विचारलं.

"तिला होतं."

तिने पेला बाकावर ठेवला.

"मला आईंसारखं नाही जमणार, बाबा. मला भीती वाटते."

"तीही घाबरायची. म्हणून तर एवढं बोलायची."

त्यांनी पेला संपवला. मग पिशवीतून पाना काढून ते सायकलपाशी गेले आणि पुढच्या सीटखाली बोटांनी चाचपडत त्यांनी बोल्ट शोधला.

"बस बघू."

"मी? पुढे?"

"पाय टेकतात का?"

"नाही."

त्यांनी बोल्ट आणखी सैल केला.

"आता?"

"टेकले."

त्यांनी बोल्ट आवळला आणि दांड्यावर बोटं लावून पाहिली. सीट चार बोटं खाली आली होती.