पालथा पाव

आमच्या मोंतेव्रानो गावात पाव पालथा ठेवत नाहीत. चुकून पडलाच, तर घरातलं कोणीतरी जातं म्हणतात. मठाच्या जेवणघरात येशूच्या शेवटच्या जेवणाचं चित्र आहे. त्यातला एकच पाव पालथा आहे, येशूला दगा देणाऱ्या यहूदासमोरचा. दर वसंतात मी शाळेतली पोरं तिथे नेतो. सांगत काही नाही, शोधायला लावतो.

तुल्लिओ म्हातारपणी गावात परतला आणि बापाची थंड पडलेली भट्टी त्यानं पेटवली. महायुद्धात त्याच्या बापानं जर्मनांना डोंगरात लपलेल्या गावच्या तरण्या पोरांची वाट दाखवली, असं गाव म्हणतं. खरंखोटं ठाऊक असलेलं कोणी उरलं नाही. तुल्लिओचा पाव लोक घेत, पण त्याच्याशी बोलत नसत.

"हवापाण्याचं बोलले तरी पुरे हो, मास्तर," तो मला म्हणायचा.

यंदा जत्रेला महापौर इलारिओनं चौकात चित्रातलीच पंगत मांडायची ठरवली. भाजलेलं डुक्कर, वाल, मेंढीच्या दुधाचं चीज, आणि येशू नि शिष्यांच्या जागी बसायला गावातलीच माणसं. एक जागा सोडून सगळ्या भरल्या. मग इलारिओ भट्टीवर गेला.

तुल्लिओ पिठाच्या हातांनीच माझ्याकडे धावत आला. "मास्तर, मला बोलावलंय! पंगतीला!"

"कुठल्या जागेवर?"

"जागेचं काय घेऊन बसलात! सगळ्यांबरोबर बसायचं ना!"

मी इलारिओला गाठलं. "त्याला दुसरीकडे बसव. तिथे मी बसतो."

"तुम्ही?" तो हसला. "तुम्हाला कोण यहूदा मानेल, मास्तर!"

जत्रेच्या दिवशी पाव मांडायचं काम माझ्या पोरांकडे होतं. त्यातल्या नीवेसनं शेवटचा पाव अगदी जपून पालथा ठेवला.

"सुलटा कर तो," मी म्हणालो.

"पण चित्रात तसाच आहे ना, मास्तर? मीच तर शोधला होता!"

तेवढ्यात तुल्लिओ येऊन बसलाच. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. समोरचा पाव त्यानं पाहिला, त्याच्याच हातचा. तो त्यानं सुलटा केला.

"अरे तुल्लिओ, राहू दे!" कॅमेऱ्यामागून इलारिओ ओरडला. "चित्र बिघडतंय!"

लोक हसले. तुल्लिओही हसला, आणि त्यानं पाव पुन्हा पालथा घातला.

लोकांचं हसू तिथंच थांबलं. जाणूनबुजून, स्वतः भाजलेला पाव स्वतःच्याच हातानं पालथा घालणारा माणूस आम्ही कोणी पाहिला नव्हता. वाल वाढत आलेल्या आर्जाआजीनं छातीवर क्रूस काढला आणि त्याचं ताट सोडून ती पुढच्याकडे गेली.

सोमवारी भट्टीवर गेलो. फळीवर सगळे पाव तसेच होते.

"हसले, ते चाललं, मास्तर," तुल्लिओ म्हणाला. "चेष्टा तर चेष्टा, तेवढंच बोलणं. पण ती म्हातारी खरंच घाबरली हो. मला घाबरली." मग त्यानं टोपली भरली. "शाळेत न्या. पोरांना तरी द्या."

मधल्या सुट्टीत मी पाव कापले, वर तेल घातलं, ताट फिरवलं. एकाही पोरानं हात पुढे केला नाही.

"आई म्हणाली, त्याचं सोडून काहीही खा," नीवेस हळूच म्हणाली.

मी एक तुकडा उचलला आणि सगळ्यांदेखत खाल्ला. पोरं माझ्याकडे बघत राहिली, मला आता काय होतंय ते.